डावखुरी नाओ

"लहानपणी कशाची तरी मनापासून नक्कल केली असेल ना तुम्ही? हाताची हालचाल हवी. शेकडो वेळा केलेली," डॉक्टर झेबा मुकादम म्हणाल्या.

"इवानामी," हर्षदा मयेकर लगेच म्हणाली.

"ते काय असतं?"

"जपानी कार्टून मालिका. समुद्रातून डोंगराएवढा यंत्रमानव उठतो आणि त्याच्या छातीत बसून नाओ नावाची मुलगी त्याला चालवते. दर भागात ती डाव्या हाताने दांडा खेचते आणि ओरडते, 'इवानामी, ताते!' ताते म्हणजे ऊठ. आख्ख्या देवरुखातली पोरं ओरडत फिरायची."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या निशिकांतने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, घसा खाकरला. "उजव्या हाताने," तो म्हणाला.

"डाव्या."

"अगो हर्षे, उजव्या."

"दादा, माझा हात गेलाय. डोकं नाही."

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि संगणकात नाव टिपून घेतलं. रत्नागिरीच्या या पुनर्वसन केंद्रात त्यांनी तोवर ताक घुसळणं, गोलंदाजी, जाळं फेकणं, एवढंच काय, पत्ते पिसणंही वापरलं होतं. यंत्रमानव पहिल्यांदाच येत होता.

हर्षदा क्रेन चालवायची. मोठ्या बंदरांमधल्या क्रेन केव्हाच माणसांवाचून चालायला लागल्या होत्या, पण ती काम करायची त्या खाडीतोंडावरच्या लहानशा बंदरात लाटा थेट धक्क्याला भिडत, जहाज स्थिर म्हणून राहत नसे आणि डोलत्या जहाजावरून कंटेनर उचलायला अजून माणसाचाच अंदाज लागे. दोन हातांत दोन दांडे: उजव्याने माल वरखाली, डाव्याने पुढेमागे. गणपतीच्या थोडं आधी, कंटेनर अधांतरी असताना, तिचा डावा हात दांड्यावरून आपोआप घसरला. तोंड वाकडं होतंय हे तिला काचेत दिसत होतं. तरी तिने उजव्या हाताने माल आधी खाली टेकवला आणि मगच वायरलेसवर हाक मारली. बंदरात अजूनही ती गोष्ट सांगतात.

पाय सुधारला, चेहरा सुधारला, हात मात्र तसाच राहिला. कंपनीने भलेपणाने ऑफिसात खुर्ची देऊ केली. "खुर्ची मला आहे," हर्षदा म्हणाली, "ती वर आहे." तिचा नवरा उदय जहाजावर होता, तो मार्चशिवाय येणार नव्हता. म्हणून पाणीपुरवठा खात्यात रजा टाकून दादा पुण्याहून आला होता आणि तिच्या घरात चहाची पातेली करपवत होता.

डॉक्टरांच्या उपचाराचं नाव लांबलचक होतं. सगळे त्याला नुसतं 'बाही' म्हणत. दिसायलाही ती बाहीच, खांद्यापासून बोटांपर्यंत, आत बारीक कृत्रिम स्नायू विणलेली. पक्षाघाताच्या झटक्यात हाताचे स्नायू मरत नाहीत, मेंदूकडून हाताकडे येणारा रस्ता तुटतो. पण रस्ता तुटला म्हणून निघायची इच्छा संपत नाही. हालचालीचा इरादा मेंदूत एका ठरावीक जागी आधी उमटतो, हुकूम मागाहून सुटतो. डोक्यावरची टोपी तो इरादा टिपते आणि बाही त्याच क्षणी हात हलवते. इरादा आणि हालचाल अशी पुन्हा पुन्हा जुळत गेली की शाबूत राहिलेल्या पेशी हळूहळू आडवाट पाडतात. वाट मळली की बाही काढून ठेवायची, हात आपला आपण चालतो.

घोडं अडायचं ते सुरुवातीलाच. टोपीला त्या माणसाचा इरादा ओळखायला शिकवावं लागे. 'हलवा हात' म्हटलं की माणूस जिवाच्या आकांताने जोर लावतो आणि सगळ्या मेंदूत एकच गोंगाट उठतो. त्यावर उपाय असा, की अंगात मुरलेली हालचाल दुसऱ्याला करताना पाहिली, तर आपल्याही मेंदूत तीच जागा न बोलावता उजळते. एकदा ती स्वच्छ सापडली की काम फत्ते. मात्र झटक्यानंतर थोडेच महिने मेंदू ओल्या मातीसारखा असतो, आणि केंद्रात बाह्या मोजक्याच होत्या. महिनाअखेरपर्यंत हर्षदाच्या डाव्या हाताचा इरादा सापडला नाही, तर तिची बाही दुसऱ्याला जाणार होती. यात डॉक्टरांचा काही दोष नव्हता. बाहेर बाकावर माणसं बसलेली होती.

पुढच्या आठवड्यात मालिका मिळाली. पडदा उजळला आणि शीर्षकगीताच्या पहिल्या सुरालाच हर्षदा खुर्चीत पुढे सरकली. तोच करडा समुद्र, तेच मासेमारीचं गाव, पाण्याखालच्या गोदीचा तोच भलामोठा दरवाजा. चित्रं मात्र आठवणीपेक्षा बरीच गरीब निघाली. लाटा सगळ्या एकसारख्या, आणि पळणाऱ्या गर्दीत तोच टोपीवाला माणूस तीनदा पळून गेला. ती हसली. मग नाओ खुर्चीत बसली, कॅमेरा तिच्या पाठीमागे गेला, तिने गुडघ्याजवळचा दांडा पकडून खांद्यापर्यंत खेचला आणि ओरडली.

उजव्या हाताने.

हर्षदाच्या तोंडात मारल्यासारखं झालं. "हे खोटं आहे," ती म्हणाली. "यांनी बदललंय."

"मॅडम, ही मूळ फिल्मवरून केलेली प्रत आहे. तिकडच्या संग्रहालयातून मागवली," डॉक्टर म्हणाल्या.

"हल्ली बघणाऱ्याच्या आवडीप्रमाणे जुन्या मालिका बदलून देतात. मी वाचलंय. तिच्या गालावरचा वण बघा, तोसुद्धा या बाजूला नव्हता. दरवाजा उलट्या बाजूने उघडतोय!"

दादा पडद्याकडेच बघत राहिला, आणि तेच तिला जास्त झोंबलं. आलेखात तिच्या उजव्या हाताची जागा दिवाळीसारखी उजळली होती. डाव्या हाताच्या जागी अंधार.

"तुमचा उजवा हात ठणठणीत आहे," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे."

घरी आल्यावर तिने ठरवलं की सगळी मालिका बघायची. कुठल्या ना कुठल्या भागात नाओ डाव्या हाताने दांडा खेचत असणार, नाहीतर एवढी पक्की आठवण आली कुठून? संध्याकाळी भावाबहिणीची बैठक बसू लागली. दादा पन्नाशी उलटलेला, डोक्यावर विमानतळ झालेला, पण तिसऱ्या भागापासून तोही पार अडकला. खलनायक राणीची त्यांना लहानपणी भीती वाटायची, आता दोघांना तिची कीव आली. बिचारीला सगळे निर्णय एकटीने घ्यावे लागत. नाओची आई दर भागात जेवणाचा डबा घेऊन धक्क्यावर येते आणि लेक तोवर समुद्रात गेलेली असते, हे तर पूर्वी दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हा बघ," एकदा हर्षदा म्हणाली. गोदीचा दरवाजा उघडत होता. कोपऱ्यात, अंधारात, एक म्हातारा मोठं चाक फिरवत होता. त्याला चेहराही धड काढलेला नव्हता. "हा दर वेळी असतो. आपण कधी बघितलाच नाही."

"आपण नाओकडे बघत होतो," दादा म्हणाला.

"तू बघत होतास. मला कुठे बघू देत होती आई?" हे तिच्या तोंडून निघून गेलं. "तुला टीव्ही, मला वही. तू नापास झालास तरी टीव्ही. मी पहिली आले तरी 'पोरीला गणित आलंच पायजे, बस टेबलाशी'. तुला इंजिनिअरिंग आणि मला 'आयटीआय पण चालेल की'."

दादाने मान खाली घातली. "खरं आहे," तो म्हणाला. त्याने वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं हा राग तिने जपून ठेवला होता, आणि तो फेकून मारायला समोर कोणी उभंच राहत नव्हतं.

मालिका संपत आली तरी नाओ उजवीच राहिली. महिना सरत आला. केंद्रातून फोन आला की पुढच्या पेशंटची तयारी सुरू करतोय, पण तुमचे अजून काही दिवस आहेत.

त्या संध्याकाळी तिने शेवटचा भाग बघायला नकार दिला. दादा बाहेरच्या खोलीत एकटाच बसला आणि ती आतल्या खोलीत, दाराकडे पाठ करून, एका हाताने केस विंचरायला बसली. समोर आईचं लोखंडी कपाट होतं. आई गेल्यावर दागिने वहिनीने घेतले, कपाट हर्षदाने मागून घेतलं. त्याच्या दारावर आरसा होता आणि दाराला जन्मापासूनची खोड होती. बंद म्हणून राहत नसे, आपोआप वीतभर उघडे. आई फटीत कागदाची घडी खोचून ठेवायची. आता हर्षदाही खोचायची. आताच कपाटातून टॉवेल काढताना घडी पडली होती आणि तिने ती उचलली नव्हती.

दार सावकाश उघडलं. आरशातली खिडकी सरकून गेली, तिच्या जागी बाहेरची खोली आली, आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही. कॅमेरा नाओच्या पाठीमागे गेला. नाओने दांडा धरला.

डाव्या हाताने.

हर्षदाच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताचा अंगठा हलला. म्हणजे बघणाऱ्याला हलला असं म्हणता आलं नसतं, पण आतून काहीतरी खांद्यापासून खाली धावलं आणि मनगटाशी येऊन थांबलं. हातातला कंगवा खाली पडला.

"दादा!" ती एवढ्याने ओरडली की शेजारच्यांनी दिवा लावला.

मग सगळं धडाधड आठवत गेलं. देवरुखच्या वीज मंडळाच्या क्वार्टर्समधली खोली. टीव्हीकडे पाठ करून भिंतीला लावलेलं अभ्यासाचं टेबल. आईला पाठ दिसली पाहिजे, लेक टीव्हीकडे वळता कामा नये. आणि टेबलाशेजारी हे कपाट. सबंध मालिका तिने या आरशातच पाहिली होती. उजव्या हातात पेन्सिल, कारण गणितं चालू आहेत असं दिसायला हवं. मोकळा होता तो डावा हात, टेबलाखाली. तो अदृश्य दांडा खेचायचा. कधी भरात मूठ टेबलाच्या फळीला खालून ठक्कन लागायची आणि स्वयंपाकघरातून आईची हाक यायची, "काय गो आपटलं?" पुढे काय व्हायचं ते काही तिला आठवेना. आई उठून आल्याचं मात्र कधी आठवत नव्हतं.

"पण तुला कळलं कसं नाही गो?" दादाने विचारलं. "पडद्यावरची अक्षरं उलटी दिसली असतील."

"जपानी अक्षरं! ती उलटी की सुलटी, देवरुखात कोणाला कळणार होतं?"

दादाने डोक्याला हात लावला आणि हसत सुटला. चाळीस वर्षांचं भांडण असं एका दारावर येऊन मिटलं होतं, आणि दोघंही बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुकादम सगळं ऐकून खुर्चीतून उठल्याच. "अहो, मग प्रश्नच काय? चित्र उलटं करायला एक कळ दाबावी लागते." त्यांनी दाबली. डावखुरी नाओ पडद्यावर आली. डाव्या हाताच्या जागी मंदसा उजेड आला, लुकलुकला आणि गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. टोपीला शिकवण्याएवढं त्यात काही नव्हतं.

"आहे तर खरं," डॉक्टर ओठ चावत म्हणाल्या. "पण पुसट आहे. अंगाची आठवण एकटी नसते, ताई. जागा, बसणं, हातात काय होतं, सगळ्यासकट ती साठवलेली असते. त्यातलं जितकं परत मिळेल तितकी ती जोराने येते. इथे तुम्ही आरामखुर्चीत पाय पसरून बसलायत."

"मग टेबल आणू. आणि कपाट."

"कपाट?"

"दारासकट."

डॉक्टरांनी निशिकांतकडे पाहिलं. निशिकांतने खांदे उडवले. बहीण नाकावर माशी बसू देत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी चौघा हमालांनी आईचं कपाट टेम्पोतून उतरवून केंद्राच्या गुळगुळीत फरशीवरून आत नेलं. चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा म्हणाले, "लग्न आहे काय कोणाचं?" सुरक्षारक्षकाने कपाट उघडून आत बघितलं आणि साड्या बघून ओशाळला. हर्षदा बंदरात वागायची तशीच वागत होती: "डावीकडे. अजून. मागचा पाय उचला. बस्स!" कपाट जागेवर आलं, शेजारी केंद्रातलं एक साधं टेबल, तिच्या पाठीमागे पडदा. तिने उजव्या हातात पेन्सिल घेतली. परिचारिकेने बाही चढवलेला डावा हात टेबलाखाली मांडीवर ठेवला, डोक्याला टोपी घातली.

ती शांत नव्हती. हे जमलं नाही तर बाही संध्याकाळीच दुसऱ्या कोणाच्या हातावर चढणार होती आणि ती जन्मभर खालून क्रेनच्या केबिनकडे बघत राहणार होती. पण तिने दात आवळले आणि समोरच्या कोऱ्या कागदावर खरोखरच एक गुणाकार मांडला.

"दादा, तू खाली बस. पडद्यासमोर. तेव्हा बसायचास तसा."

"माझे गुडघे..."

"बस."

तो कुरकुरत फरशीवर बसायला निघाला, मग थबकला. कपाटाचं दार बंद होतं. हलवताना उघडू नये म्हणून, रक्षकाचं बघून झाल्यावर, तिनेच पुन्हा फटीत कागदाची घडी खोचली होती. दादा कपाटाशी आला, दोन बोटांनी घडी ओढली, तिच्याकडे न बघता ती शर्टाच्या खिशात टाकली आणि जाऊन बसला. हे सगळं त्याने असं केलं, जसा माणूस घरात शिरताना चप्पल काढतो.

दार सावकाश वीतभर उघडलं. आरशात पडदा आला, आणि पडद्याखाली दादाचं टक्कल.

हर्षदा आरशात बघतच राहिली. आई रोज संध्याकाळी घडी खोचायची आणि रोज पुटपुटायची, 'हा कागद पडतो कुठे कोण जाणे.' हर्षदालाही वाटायचं की पडतो. आपलं नशीब चांगलं, रोज नेमका मालिकेच्या वेळेला पडतो.

"दादा," ती म्हणाली, "तेव्हाही तूच काढायचास?"

तो आरशातून तिच्याकडे बघत नव्हता. "मग दार काय आपोआप उघडायचं, खोचलेलं असताना?"

"कधी बोलला नाहीस."

"बोललो असतो तर आईने ऐकलं असतं," तो म्हणाला. "मग सवयच झाली, न बोलायची. कागद खिशातच राहायचा."

तिला रडू आलं, आणि टोपीच्या तारांमुळे डोळे पुसताही येईनात. इतकी वर्षं सांभाळलेला राग आता कुठे ठेवायचा तेही कळेना. "ताई, आलेखात गडबड होतेय, थांबू या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," हर्षदा म्हणाली. "लावा."

करडा समुद्र आला. तोच सूर, त्याच एकसारख्या लाटा. अंधारात चेहरा नसलेल्या म्हाताऱ्याने चाक फिरवायला घेतलं आणि गोदीचा दरवाजा उघडू लागला, बरोबर बाजूने, तिच्या बाजूने. कॅमेरा नाओच्या पाठीमागे गेला. हर्षदाच्या हातातली पेन्सिल गुणाकारावर थांबली. आपण हात हलवायचाय, हे ती त्या क्षणी विसरून गेली. ती अकरा वर्षांची होती, आई स्वयंपाकघरात होती आणि नाओने दांडा धरला होता.

"इवानामी," फरशीवरून दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"ताते!" हर्षदा ओरडली.

डॉक्टर काहीतरी मोठ्याने म्हणाल्या, पण ते कोणाला ऐकू आलं नाही. टेबलाखाली बाही सळसळली. हात मांडीवरून उठला, थेट खांद्याच्या दिशेने सुटला, आणि मूठ फळीला खालून अशी आपटली की पेन्सिल उडाली.

ठक्!

मग दादाने पडद्यावरची नजर न काढता, मागे न वळता, सवयीने सांगितलं,

"काही नाही आई, माझा पाय लागला."